यंत्राची नाडी : चावी काढली तरी थांबेना



या सदरात आपण पाणबुडी मोटर जळण्यापासून फवारणी पंपाच्या वॉशरपर्यंत बरीच दुखणी पाहिली. मर्सिडीज मोटारीचे दुखणे मात्र पहिल्यांदाच आले आहे. हसू नका. पत्र निफाड तालुक्यातल्या एका भगिनीचे आहे, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही.

त्या लिहितात, "मामंजींनी १९८४ साली दिल्लीहून जुनी मर्सिडीज २४० डी आणली. त्यांच्या माघारी गाडी सहा वर्षे शेडमध्ये होती. यंदा मुलाने ती चालू केली. चालू होते, पण बंद होत नाही. चावी फिरवून हातात घेतली तरी इंजिन धडधडत राहते. मग चौथा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडायचा आणि बंद पाडायची. परवा त्यात गाडीने उसळी घेतली आणि गोठ्याची भिंत पाडली. कारागीर म्हणतो डिझेल पंप गेला, ऐंशी हजार लागतील. मालक म्हणतात भंगारात देऊन टाकू. आत्याबाई बोलत नाहीत, पण दोन दिवस जेवल्या नाहीत."

पत्राच्या शेवटी, अगदी कोपऱ्यात, आणखी एक ओळ होती. "चांदवडच्या घाटात ब्रेक दगडासारखा लागला, असे मुलगा म्हणत होता." ती ओळ वाचली आणि उत्तर लिहीत न बसता मी एस.टी. धरली.

गाडीविषयी आधी थोडे सांगतो. १९७६ ते १९८५ या काळात जर्मनीत ही घडण सुमारे २७ लाख निघाली. आपल्याकडे त्या वेळी परदेशी वकिलाती आपल्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकत, आणि हौशी माणसे त्या घेत. ही त्यातलीच, १९७९ ची. नाव श्रीमंती असले तरी पोटात चार सिलिंडरचे, २३९९ सी.सी.चे, ७२ अश्वशक्तीचे साधे डिझेल इंजिन आहे. आपल्या ट्रॅक्टरचे शहरात शिकलेले भावंडच म्हणा. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. याच जातीचे इंजिन १९८० च्या दशकात परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोने बनवायला घेतले आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलर या गाड्यांत घातले. म्हणजे बाजाराच्या दिवशी तुम्हाला तालुक्याला नेणारी ट्रॅक्स आणि ही मर्सिडीज नात्यातल्या आहेत. सुटा भाग घ्यायला जाताना जुना भाग हातात घेऊन जावे आणि ताडून पाहावे. सगळे जुळेलच असे नाही, पण पुष्कळ जुळते.

आता मूळ दुखणे. पेट्रोलचे इंजिन ठिणगीवर चालते. चावीने वीज तोडली की थांबले. डिझेलला ठिणगीच नसते. दाबाने हवा तापते आणि त्यात डिझेल पेटते. ते थांबवायचे तर डिझेल तोडावे लागते. जुन्या ट्रॅक्टरला त्यासाठी ओढायचा खटका असतो. या गाडीत तो खटका माणसाच्या हाताने न ओढता हवेच्या ओढीने ओढला जातो. इंजिनाच्या पुढच्या अंगाला हवा ओढणारा एक छोटा पंप असतो, त्याला व्हॅक्यूम पंप म्हणतात. चावी बंद केली की एक झडप उघडते, ओढ बारीक नळीतून डिझेल पंपाच्या मागच्या डबीला पोचते, डबीतला पडदा खेचला जातो आणि डिझेल तुटते. ही सगळी वाट मऊ रबरी सांध्यांनी जोडलेली आहे. चाळीस वर्षांनी रबराचे काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको. ठिबकच्या जुन्या जोडांना विचारा.

तेव्हा डिझेल पंप गेला म्हणून इंजिन बंद होत नाही, हे निदानच उलटे होते. पंप चांगला आहे, डिझेल नीट पुरवतो आहे, म्हणूनच तर इंजिन थांबत नव्हते.

मी बॉनेट उघडले आणि पहिल्यांदा मुलाला एक लाल दांडी दाखवली. तिच्यावर इंग्रजीत स्टॉप असे लिहिलेले असते. ती हाताने दाबून धरली की इंजिन बंद. गाडी घेतल्यापासून ती तिथेच होती. भिंत पाडायची काही गरज नव्हती. (मुलगा फार खजील झाला. त्याचा तरी काय दोष? ज्याला माहीत होते तो माणूस राहिला नव्हता.)

मग नळ्या. चावीकडे जाणारी नळी तपकिरी असते आणि चावीकडून डिझेल पंपाकडे जाणारी तपकिरीवर निळ्या रेघेची. त्या निळ्या रेघेच्या नळीच्या टोकाचा रबरी कोपरा हातात घेतला तर चिक्कीसारखा मोडला. तालुक्याच्या दुकानातून त्याच मापाचा तेल सोसणारा रबरी तुकडा आणला आणि बसवला. किंमत मुद्दाम लिहीत नाही, ऐंशी हजार सांगणाऱ्याला वाईट वाटेल.

ज्यांच्या गाडीत दरवाजांची कुलुपेही याच हवेवर चालतात त्यांनी आणखी एक करावे. कुलुपांकडे जाणारी पिवळी नळी काढून तिची वाट बुचाने बंद करावी आणि मग चावी फिरवून पाहावी. आता इंजिन थांबले तर गळती दरवाजात आहे. दाराच्या आतल्या डबीचा पडदा फाटलेला असतो. ती सवडीने बदलावी. तोवर कुलूप किल्लीने लावावे, त्याने काही बिघडत नाही.

चावी फिरवली. इंजिन थांबले. अंगणात टाळ्या वाजल्या, चहा आला, मालकांचा चेहराही सैल झाला. मुलगा म्हणाला, "काका, चला, ओझरपर्यंत चक्कर मारून येऊ."

मी नको म्हणालो. इंजिन थांबले होते खरे, पण लगेच नव्हे. पाच-सहा सेकंद थरथरत, रेंगाळत थांबले. चांगली ओढ असेल तर ते चटकन थांबायला हवे. आणि पत्राच्या कोपऱ्यातली ती ओळ माझ्या डोक्यातून जात नव्हती. कारण ब्रेकला जोर देणारा मोठा डबा, ज्याला बूस्टर म्हणतात, तोही याच पंपाच्या ओढीवर चालतो. बारीक नळ्यांच्या वाटेवर मुद्दाम अरुंद छिद्र ठेवलेले असते, म्हणून तिथली गळती ब्रेकला फारशी जाणवत नाही. दोन्ही दुखणी एकदम दिसली की संशय मुळावर, म्हणजे पंपावर घ्यावा.

इथे एक परीक्षा सांगतो. ती जीप, ट्रॅक्स, पिकअप, ज्या ज्या गाडीच्या ब्रेकला बूस्टर आहे तिला लागू आहे, आणि घरातल्या कोणालाही करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. तो कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पायाखाली ब्रेक किंचित खाली गेला पाहिजे. गेला तर बूस्टरला ओढ मिळते आहे. नाही गेला तर गाडी रस्त्यावर काढू नका.

इथे तो जवळजवळ हललाच नाही. पंपाची जाड नळी काढून तोंडावर बोट ठेवले. बोट धरून ठेवील अशी ओढ हवी, इथे नुसती फुंकर लागल्यासारखे झाले. पंप उतरवून उघडला. आतला पडदा कडेने वीतभर नाही, पण चांगला बोटभर फाटलेला. या पंपातले बेअरिंगही बोटाने फिरवून पाहावे, कारण ते तुटले तर त्याचे तुकडे सरळ टायमिंग चेनच्या घरात पडतात आणि मग इंजिनच जाते. हे बेअरिंग सुदैवाने ठीक होते.

म्हणजे चांदवडच्या घाटात मुलगा निव्वळ पायाच्या बळावर गाडी थांबवत होता. घरात हे ऐकल्यावर कोणी काही बोलले नाही. मग त्याने हळूच सांगितले की उतारावर डिझेल वाचवायला तो कधी कधी इंजिन बंद करून गाडी सोडतो. सगळ्यांना सांगतो, हे करू नका. इंजिन बंद झाले की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच ओढ शिल्लक राहते, पुढे काही नाही. आणि चावी काढली तर स्टिअरिंगच कुलूपबंद होते. वाचलेले डिझेल पावशेर नसते.

पडदा आणि झडपांचा संच तालुक्याला मिळायचा नाही. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांची जुनी पेठ आहे, तिथे जुना पंप घेऊन जायला सांगितले. त्याच खेपेत ब्रेकच्या चारही चाकांकडच्या रबरी नळ्या आणायला सांगितल्या, आणि ब्रेकचे तेल पूर्ण काढून नवे भरायला. ते पाणी शोषते, त्यामुळे दोन वर्षांनी बदलावे. सहा वर्षे उभ्या गाडीत ते काळे पडले होते.

बाकीचे पटकन सांगतो. सकाळी चालू व्हायला त्रास देते, अशीही तक्रार होती. या सालच्या गाडीत हीटर प्लग एकामागोमाग एकाच तारेत ओवलेले असतात, गणपतीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. एक गेला की सगळे थंड. १९८० नंतरच्या गाड्यांत प्रत्येकाची वाट वेगळी असते, तिथे एखादा गेला तर इंजिन थोडे खोकते, पण पेटते. चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर मात्र प्लगला दोष देऊ नका, हवा धरली आहे. ट्रॅक्टरची काढता तशीच काढायची. पंपावरचा हातपंप सैल करून, डिझेलच्या परतीच्या वाटेतून सूं असा आवाज येईपर्यंत मारायचा. मी स्वतः एकदा हवा न काढता बॅटरी संपेस्तोवर सेल्फ मारत बसलो होतो, ट्रॅक्टरवर, ऐन पेरणीत. तेव्हापासून विसरलो नाही.

टॅपेटही तपासायला सांगितले आहेत. इंजिन थंड असताना, हवेच्या बाजूला ०.१० मिलिमीटर आणि धुराच्या बाजूला ०.३० मिलिमीटर, फिलर गेज लावून. ज्याचा आवाज येतो तो टॅपेट वाईट असे लोक समजतात. खरे तर गप्प बसलेला जास्त वाईट. तो घट्ट झालेला असतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाब गळतो.

शेडमधल्या उंदरांनी डाव्या बाजूच्या वायरी कुरतडल्या होत्या, त्या गावच्याच इलेक्ट्रिशियनने जोडल्या. बॅटरीखालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा टोचून पाहिल्या, गंज वरवरचा निघाला. तो खोल असता तर मी मालकांच्याच बाजूने बोललो असतो. खाजगी गाडीला १५ वर्षे झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते. ते राहिलेलेच होते, त्यासाठी ब्रेक आधी दुरुस्त हवेत हे वेगळे सांगायला नको.

निघताना आत्याबाई ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "किती दिवस लागतील?" मी म्हटले, पंप मुंबईहून आला की दोन दिवस. त्यांनी गाडीची चावी मुलाकडून मागून घेतली आणि कनवटीला लावली. म्हणाल्या, "ब्रेक लागल्यावर देईन."

पुढच्या अंकी येवल्याच्या वाचकांच्या कडबाकुट्टीचा पट्टा का उतरतो, ते पाहू.