थांबणे वेगळे, कोंडी वेगळी



बँकेत, पतपेढीत किंवा सरकारी कचेरीत गेल्यावर "सिस्टीम हँग झाली आहे, थांबा" हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आज सापडणार नाही. खिडकीच्या आत बसून हे वाक्य आम्हीही कित्येकदा उच्चारले आहे. म्हणूनच त्यामागे काय असते ते सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम आमचीच चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खिडकीवर मोठी रांग होती. आम्ही एका सभासदाची नोंद अर्धी भरली, स्क्रीन तशीच उघडी ठेवली आणि चहाला गेलो. इकडे शेजारच्या खिडकीवर एक मावशी नातवाच्या फीसाठी पैसे काढायला उभ्या होत्या. त्यांची नोंद काही केल्या पुढे सरकेना. सहकारी यंत्राला दोष देत होते. आम्ही परत येऊन आमची नोंद पूर्ण केली आणि क्षणात सगळ्या खिडक्या सुरू झाल्या. मावशी पैसे घेऊन धावत गेल्या, पण तोवर शाळेची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना फी दंडासह भरावी लागली. चहा आम्ही प्यायलो, दंड त्यांनी भरला!

असे का झाले? प्रत्येक नोंदीबरोबर संस्थेच्या रोख शिल्लकेची ओळ बदलते. आमच्या अर्धवट नोंदीने त्या ओळीला कुलूप लावले होते. कुलूप आवश्यकच असते. दोघांनी एकाच वेळी एकच शिल्लक वाचून आपापली रक्कम वजा केली, तर एकाची वजावट पुसली जाईल. म्हणून पहिल्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. याला 'लॉक वेट' म्हणतात. ही साधी रांग आहे. पुढचा माणूस हलला की रांगही हलते.

मात्र रांगेलाही मर्यादा असते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी भागात मूळ मांडणीनुसार ही मर्यादा 50 सेकंद आहे. तेवढ्यात कुलूप सुटले नाही तर 1205 क्रमांकाची चूक दिसते.

आता दुसरा प्रकार पाहू. समजा, एका खिडकीवर खाते 105 मधून खाते 212 मध्ये 500 रुपये पाठवायचे आहेत. त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर खाते 212 मधून 105 मध्ये 300 रुपये पाठवायचे आहेत. पहिल्याने 105 ला कुलूप लावून पैसे वजा केले. दुसऱ्याने 212 ला कुलूप लावून वजा केले. आता पहिल्याला 212 हवे, ते दुसऱ्याच्या हाती. दुसऱ्याला 105 हवे, ते पहिल्याच्या हाती. हातातले सोडायला कोणी तयार नाही. ही रांग नव्हे, हे वर्तुळ झाले. यालाच 'डेडलॉक' म्हणतात. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली तरी ही कोंडी आपोआप सुटणार नाही.

जाड खतावण्यांच्या काळातही हे घडे. दोन कारकून एकेक खतावणी छातीशी धरून एकमेकांची मागत बसायचे. मग हेडक्लार्क एकाला दरडावत, "तुझी खाली ठेव, त्याचे आधी होऊ दे." डेटाबेसही हेच करतो. इनोडीबी कोण कोणासाठी थांबले आहे हे पाहते आणि वर्तुळ दिसताच एकाचा बळी देते. शक्यतो ज्याने कमी ओळी बदलल्या आहेत त्याचा. त्याला 1213 क्रमांकाची चूक मिळते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मूळ मांडणीनुसार कुलपासाठी एक सेकंद थांबल्यावर ही तपासणी होते.

आता नीट लक्ष द्या, कारण खरा धोका इथे आहे. इनोडीबीत डेडलॉक झाला की बळी गेलेला व्यवहार संपूर्ण मागे फिरतो, वजा झालेले पैसे खात्यात परत दिसतात. पण लॉक वेटची 50 सेकंदांची मुदत संपली, तर मूळ मांडणीनुसार फक्त शेवटची आज्ञा रद्द होते, संपूर्ण व्यवहार नव्हे! आधीची वजावट तशीच अर्धवट उभी राहते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तिथे स्वतःहून 'रोलबॅक' केला नाही आणि पुढे 'कमिट' दिली, तर एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत असे होऊ शकते. कष्टकऱ्याच्या घरात 500 रुपये ही लहान रक्कम नाही. म्हणून दोन्ही चुका सारख्याच समजून चालत नाही.

कोंडी टाळता येते का? 1971 साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघा संशोधकांनी कोंडीच्या चार अटी मांडल्या. वस्तू एका वेळी एकाच्याच ताब्यात असणे, हातातली धरून ठेवून दुसरी मागणे, हातातली कोणी हिसकावून घेऊ न शकणे आणि वर्तुळाकार वाट पाहणे. या चारपैकी एक जरी मोडली तरी कोंडी होत नाही.

वर्तुळ मोडणे सर्वांत सोपे. सर्वांनी एकच क्रम पाळायचा. पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान क्रमांकाच्या खात्याला आधी कुलूप लावायचे. मग वरच्या उदाहरणात दोघेही आधी 105 कडे जातील. एकाला मिळेल, दुसरा रिकाम्या हाताने थांबेल. कोंडीची रांग झाली आणि रांग पुढे सरकते.

याखेरीज तीन पथ्ये आहेत. व्यवहार आटोपशीर ठेवावा, कुलूप लावून माणसाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. शोधाच्या रकान्यावर इंडेक्स असावा, नाहीतर इनोडीबी एक ओळ बदलताना चाळलेल्या सगळ्याच ओळींना कुलूप लावू शकते. आणि डेडलॉकची चूक आली तर थोडे थांबून संपूर्ण व्यवहार पहिल्यापासून पुन्हा करावा, मधूनच नव्हे.

आमच्या वस्तीतील कित्येक मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारण्यासारखा आहे. व्याख्या पाठ करून जाऊ नका. घरी दोन खिडक्या उघडा, दोन खाती तयार करा, उलट क्रमाने कुलपे लावून कोंडी स्वतः घडवून पाहा. मग 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' ही आज्ञा देऊन शेवटच्या कोंडीचा वृत्तांत वाचा. एकदा डोळ्यांनी पाहिलेले जन्मभर विसरत नाही.

आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आमच्या मायबहिणींनो, "पुन्हा करा" असे कोणी म्हणाले तर आधी विचारा, "भाऊ, पहिला व्यवहार पूर्ण रद्द झाला का?" पासबुकात नोंद पाहा, मगच दुसऱ्यांदा सही करा. असे विचारण्यात संकोच कसला? पैसा तुमच्या घामाचा आहे.

आम्ही मात्र त्या दिवसापासून एक नियम केला आहे. हातातली नोंद पुरी केल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. चहा थंड झाला तरी चालेल.