वातानुकूलन यंत्राचे वय आणि आयुष्य

वातानुकूलन यंत्र किती वर्षे टिकते, असे विचारले की बहुतेक कार्यालयांत ठराविक उत्तर मिळते: दहा वर्षे. ई-कचऱ्याच्या नियमांखाली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या यंत्राचे सरासरी आयुष्य दहा वर्षे धरले आहे, हे खरे. परंतु हा आकडा उत्पादकांवर पुनर्चक्रणाची किती जबाबदारी टाकायची, याच्या हिशेबासाठी आहे. ती यंत्राची मृत्युतिथी नव्हे. तरीही ‘विहित आयुर्मान पूर्ण’ एवढ्याच शेऱ्यावर चालती यंत्रे निर्लेखित झालेली मी पाहिली आहेत, आणि चौथ्याच वर्षी निकामी झालेली यंत्रे वय भरेपर्यंत भिंतीवर लटकत राहिलेलीही.

आपल्यापैकी जे नोकरीनिमित्त चेन्नई किंवा विशाखापट्टणमला राहतात, त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. तांब्याची नळी आणि तिच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये खारी ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजू लागते. उघड्या नाल्याकाठी राहणाऱ्यांकडे समुद्र नसतो. तेथे हायड्रोजन सल्फाइड तांब्यालाच खातो. दिल्लीत उष्ण-शीत प्रकारचे यंत्र हिवाळ्यातही राबते, त्यामुळे त्याचे वर्ष इतरांच्या वर्षापेक्षा मोठे असते. मग एकच मुदत सर्वांना कशी लागू पडावी?

पण हवेपेक्षा अधिक आयुष्य खाते ती आपली देखभालीची पद्धत. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ‘गॅस भरला’ असे देयक येते आणि आपण ते निमूटपणे मंजूर करतो. वस्तुतः हा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. ती न शोधता वायू भरला की काही महिन्यांत तो पुन्हा कमी होतो, कॉम्प्रेसर तापतो आणि अकाली जातो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनला घातक आहेच, शिवाय तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट प्रभावी आहे. कंत्राटदाराला प्रत्येक भरणीचे पैसे मिळत असतील, तर गळती शोधण्यात त्याचा कोणता लाभ?

दीर्घायुष्य हाच गुण, असेही मी म्हणणार नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन वर्षाला १६०० तासांच्या वापरावर मोजले जाते. जुने यंत्र नव्यापेक्षा ताशी अर्धा युनिट जास्त घेत असेल, तर वर्षाला ८०० युनिटे अधिक जातात. आठ रुपये दराने ६४०० रुपये. असे यंत्र जपणे ही काटकसर नव्हे. मात्र हा हिशेब मीटर लावून करावा, वयावरून नाही.

यासाठी नवा विभाग नको, समितीही नको. (समित्यांचे आयुर्मान यंत्रांहून अधिक असते.) यंत्रागणिक एक पत्रक ठेवावे: बसवल्याची तारीख, प्रत्येक दुरुस्ती, भरलेल्या वायूचे वजन. करार वार्षिक ठोक रकमेचा असावा आणि वायू व सुटे भाग त्यातच यावेत. नायट्रोजन भरून दाबाची चाचणी घेतल्याची आणि सापडलेला जोड पक्का केल्याची नोंद नसेल, तर त्या यंत्राचे देयक लेखा शाखेने परत पाठवावे.