प्रतीक्षायादी ही देवाची इच्छा नव्हे

मिस्सेच्या हेतूंची वही ही धर्मग्रामाच्या चिंतांची खरी रोजनिशी असते. पूर्वी तीत मृतांच्या आत्म्यांस शांती, आजाऱ्यास आराम, परदेशी गेलेल्या मुलाचे क्षेम असे हेतू लिहिलेले आढळत. आजही ते आढळतात. परंतु जून ते ऑक्टोबर या महिन्यांत त्यांच्यावर मात करणारे दोन हेतू पानोपानी दिसू लागले आहेत. ‘मेडिकलच्या पुढच्या राऊंडमध्ये नाव लागावे’ हा पहिला आणि ‘कंपनीकडून जॉइनिंगचे पत्र यावे’ हा दुसरा. हेतू लिहिणारे पेणचे असोत वा रोह्याचे, त्यांची भाषा एकच असते आणि तिच्या शेवटी ‘बाकी देवाची इच्छा’ ही पुस्तीही ठरलेली असते. आमचा आक्षेप आहे तो या पुस्तीवर.

माणसांनी केलेल्या गोष्टीचे उत्तरदायित्व देवाच्या माथी मारणे हा आमच्या मते दुसऱ्या आज्ञेचा भंग आहे. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही आज्ञा केवळ शिव्याशापांपुरती नाही. ज्या कचेरीने वेळापत्रक मोडले, ज्या महाविद्यालयाने आकडे फुगवले, ज्या कंपनीने शब्द दिला व पाळला नाही, त्यांच्या कर्तृत्वावर देवाची मोहोर उमटवणे हे व्यर्थ नाव घेणे नव्हे तर काय?

‘पण फादर, जागा थोड्या आणि उमेदवार फार, यादी लागणारच!’ हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे, अर्धा. २०२४ साली नीट परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि साऱ्या देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक. तेव्हा रांग अटळ आहे. परंतु रांग अटळ असणे निराळे आणि रांगेला घड्याळ नसणे निराळे. रोहे स्थानकावर मध्य रेल्वेची हद्द संपते व कोकण रेल्वेची सुरू होते; तेथून प्रवास करणाऱ्याला प्रतीक्षायादी म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. पण रेल्वेच्या प्रतीक्षायादीला एक सभ्यता आहे. आपला क्रमांक कितवा हे प्रवाशाला कळते, चार्ट केव्हा लागणार हे कळते आणि ऑनलाइन काढलेले तिकीट प्रतीक्षेतच राहिले तर पैसे आपोआप परत होतात. आगगाडीच्या एका बर्थसाठी जे सौजन्य दाखवले जाते ते अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यासाठी का दाखवले जाऊ नये?

घड्याळ कसे मोडते ते पाहा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल रोजी नीट त्याच वर्षी घेण्याचा आदेश दिला आणि तिचा पहिला टप्पा अवघ्या तीन दिवसांनी, १ मे रोजी, पार पडला. महाराष्ट्रातील मुलांनी ५ मे रोजी राज्याची सीईटी दिली. ती ग्राह्य धरली जाणार की नाही, हे ती देताना कोणासही ठाऊक नव्हते. ९ मे रोजी न्यायालयाने राज्यांना नकार दिला. २४ मे रोजी राष्ट्रपतींनी अध्यादेशावर सही केली तेव्हा कोठे ती परीक्षा, परीक्षा ठरली. दोन वर्षे एका अभ्यासक्रमाची घोकंपट्टी केलेल्या मुलांनी ते तीन आठवडे कसे काढले असतील? पुढे २०२१ साली परीक्षा १२ सप्टेंबरला झाली आणि अखिल भारतीय कोट्याची प्रवेशफेरी सुरू झाली ती १९ जानेवारी २०२२ रोजी. २०२४ चा निकाल ४ जूनला लागला. ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण, १५६३ जणांना दिलेले व नंतर काढून घेतलेले वाढीव गुण, प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण, असे सगळे होऊन २३ जुलै रोजी न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. सुधारित निकाल २६ जुलैला आला आणि प्रवेशफेऱ्या ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाल्या. या साऱ्यात देवाची इच्छा नेमकी कोणत्या तारखेला प्रकट झाली, हे कोणी धर्मपंडित आम्हांस सांगेल काय?

आणखी एक गोष्ट. विलंबाची किंमत एकाच पक्षाने मोजायची, असा या व्यवहाराचा अलिखित करार आहे. अभिमत विद्यापीठांच्या फेरीत नाव नोंदवायचे तर पाच हजार रुपये परत न मिळणारे आणि दोन लाख रुपये अनामत. शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली जागा विद्यार्थ्याने घेतली नाही तर अनामत जप्त होते. हे नियम कडक आहेत आणि जागा अडवून ठेवणाऱ्यांना आळा घालायचा तर ते असावेतही. पण मुलाने एक दिवस उशीर केला तर दंड, आणि यंत्रणेने चार महिने उशीर केला तर ‘सुधारित वेळापत्रक’ नावाचे एक परिपत्रक! दुसरीकडे जागा मात्र रिकाम्या राहतात. २०२१ च्या पदव्युत्तर प्रवेशांत १४५६ जागा रिकाम्या राहिल्या आणि त्यांसाठी आणखी एक फेरी घेण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १० जून २०२२ रोजी फेटाळली. वर्ष इतके पुढे सरकले होते की आता प्रवेश दिल्यास शिक्षणाचा दर्जा राहणार नाही, हे कारण. कारण चूक नव्हते. वर्ष कोणी सरकवले, हा प्रश्न तसाच राहिला.

रायगडच्या वाचकांसाठी थोडे घरचे. आपल्या जिल्ह्यात कामोठ्याचे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे; सरकारी महाविद्यालय अलिबागला आले ते २०२१ साली. ते आले तेव्हा ‘आता आपल्या पोरांची सोय झाली’ असे पुष्कळांना वाटले. पण त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये, विभागवार जागांचे ७०:३० हे सूत्र राज्य सरकारने रद्द केले होते. आता राज्याच्या वाट्याच्या जागा राज्यभरच्या एकाच गुणवत्तायादीतून भरतात. ते सूत्र न्याय्य होते असे आमचे म्हणणे नाही. मराठवाड्याची त्याविरुद्धची तक्रार खरी होती. परंतु कॉलेज गावाजवळ आले म्हणजे जागा गावाजवळ आली, हा भ्रम आईबापांनी सोडावा आणि पुढाऱ्यांनी तो भाषणांतून पेरू नये.

नोकरीच्या प्रतीक्षेची कथा याहून विपरीत आहे. कारण येथे रांगही नाही, शब्द आहे. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ असो, नवी मुंबईची वा पुण्याची महाविद्यालये असोत, कॅम्पस प्लेसमेंटचा दिवस हा आता घरातील लग्नासारखा साजरा होतो. पेढे वाटले जातात, मुलाचे छायाचित्र महाविद्यालयाच्या फलकावर झळकते. बहुतेक ठिकाणी ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो: एक ऑफर लेटर हाती आले की त्याने पुढच्या मुलाखतींना बसायचे नाही. म्हणजे मुलगा बांधला गेला. कंपनी मात्र बांधली गेली नाही! पत्रात रुजू होण्याची तारीख ‘कळवण्यात येईल’ असते. २००८-०९ च्या मंदीत अशी पत्रे हाती घेऊन बसलेली एक पिढी होती. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांचा देकार दिलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर यावयास तयार आहात का, असे विचारले. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतील सुमारे दोन हजार अभियंत्यांना दोन वर्षांहून अधिक काळ तिष्ठत ठेवले. पुण्याच्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने २०२४ साली केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, बोभाटा झाला, तेव्हा त्यांना बोलावणी गेली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूर येथे तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेचे कारण देऊन घरी पाठवण्यात आले.

मंदी सांगून येत नाही, कंपन्यांनी तरी काय करावे, असे विचारणारे भेटतात. करावे एवढेच की आपला अंदाज चुकला तर त्याची झळ आपण सोसावी. घाऊक भरतीची पत्रे वाटून ठेवायची, गरज पडली तर माणसे उचलायची आणि नाही पडली तर त्यांना वळचणीला उभे करायचे, याला नियोजन म्हणत नाहीत. ही दुसऱ्याच्या तारुण्याची फुकट साठवण आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण दरसाल ऐकतो. दिवस मावळताना चौकात उभे असलेले मजूर मळेवाल्याला सांगतात की कोणी आम्हांला कामावर घेतले नाही. तो त्यांना आळशी ठरवत नाही, सबुरीचे प्रवचनही देत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवतो आणि दिवसाची पूर्ण मजुरी देतो. ताटकळलेल्या वेळेचा भार तो स्वतःच्या थैलीवर घेतो. आमच्या कित्येक प्रवचनांत हा दाखला केवळ स्वर्गराज्याच्या औदार्यावर संपतो. चौक मात्र तसाच भरलेला राहतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी श्रमाविषयी जे विश्वपत्र प्रसिद्ध केले त्यात ‘अप्रत्यक्ष नियोक्ता’ ही कल्पना मांडलेली आहे. पगार देणारा तेवढाच मालक नव्हे. ज्या संस्था, जे नियम, जे शासन कामाच्या अटी घडवतात तेही उत्तरदायी असतात, असा तिचा आशय. या कसोटीला लावले तर आपली महाविद्यालये सुटत नाहीत. माहितीपुस्तिकेत ‘इतके टक्के प्लेसमेंट’ असे छापून पुढच्या वर्षीची फी वसूल करायची आणि पत्र मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष रुजू किती झाले हे कोठेही छापायचे नाही, ही लबाडी आहे. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या संस्थांनाही आम्ही यातून वगळत नाही. अल्पसंख्याकांच्या प्रवेशहक्कासाठी वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज नीटविरुद्ध लढले. २०१७ साली त्याने एमबीबीएसला शंभरांपैकी एकच विद्यार्थी घेतला आणि २९ एप्रिल २०२० रोजी न्यायालयात ते हरले. त्या लढ्याबद्दल आम्हांस आदर आहे. पण ज्या समाजाला हक्काची एवढी चाड आहे, त्याच्या संस्थांच्या सूचनाफलकावर अल्पसंख्याक कोट्याची यादी क्रमांकासह, तारखेसह लागलेली असावी, ही अपेक्षा जास्त आहे काय?

आईबापांनाही थोडे सुनावणे प्राप्त आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि २०२२ पासून कमाल वयाची अटही राहिलेली नाही. परिणामी प्रतीक्षा हा एक धंदा होऊन बसला आहे. तिच्यावर शिकवणीवर्ग जगतात. मुलगी परिचर्येचे शिक्षण आवडीने घेऊ म्हणते आणि घरचे तिला तिसऱ्यांदा नीटला बसवतात, कारण ‘लोक काय म्हणतील’. ज्या समाजातील परिचारिकांनी उभा आखाती प्रदेश सांभाळला त्या समाजाला परिचारिकेचा कमीपणा वाटावा!

‘प्रतीक्षेने माणूस घडतो, आगमनकाळ आपल्याला हेच शिकवतो’ असे आमचे काही बांधव व्यासपीठावरून सांगतात. क्षमा असावी, पण ही गल्लत आहे. आगमनकाळातील प्रतीक्षा ही दिलेला शब्द पाळणाऱ्याची प्रतीक्षा आहे. तिष्ठत ठेवले जाणे ही निराळी गोष्ट होय, आणि पेणकरांना तिचे धडे नव्याने द्यायला नकोत. येथील अर्बन बँक २०१० साली बुडाली, तिचे ठेवीदार वर्षानुवर्षे आपल्याच पैशांसाठी खेटे घालत राहिले. पळस्पे ते इंदापूर महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. ते रखडलेले पाहतच एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली. रोहे तालुक्यात कारखान्यांना जमिनी दिलेल्या घरांतून ‘प्रकल्पग्रस्त’ असा दाखला पेटीत जपून ठेवलेला असतो. आज्याच्या नावचा, नातवाच्या नोकरीसाठी. एवढी सबुरी अंगी असलेल्या लोकांना आणखी सबुरीचा उपदेश करणे म्हणजे भुकेल्याला उपवासाचे माहात्म्य सांगणे होय.

लूकच्या शुभवर्तमानात एक विधवा आहे. न्यायाधीश देवालाही भीत नाही आणि माणसांचीही भीड धरीत नाही. ती घरी बसून त्याच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत नाही. ती त्याच्या दारी पुन्हापुन्हा जाते, इतकी की तो कंटाळून न्याय देतो. प्रभू येशूने प्रार्थनेचे उदाहरण म्हणून या बाईला निवडले, यादीत नाव येईल म्हणून मुकाट बसलेल्या कोणाला नव्हे. आजच्या विधवेच्या हाती तर माहितीचा अधिकारही आहे. २००५ च्या या कायद्यान्वये सरकारी प्रवेशयंत्रणेस साधारणतः ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. फेरी का लांबली, कोणत्या प्रवर्गात किती जागा उरल्या, अनामत केव्हा परत मिळणार, हे सारे विचारता येते. जॉइनिंग रखडवणाऱ्या कंपनीविरुद्ध श्रम मंत्रालयाकडे एकेकट्या मुलाचा अर्ज गेला तर तो फाईलीत पडतो. दोनशे जणांचा गेला की वर्तमानपत्रात येतो, हे आपण नुकतेच पाहिले आहे.

म्हणून आमचा आग्रह आहे की, धर्मग्रामांत मिस्सेचे हेतू अवश्य घ्यावेत आणि त्याच रविवारी मिस्सेनंतर सभागृहात एक टेबल मांडावे. तेथे पॅरिश कौन्सिलमधील एखादा निवृत्त कारकून वा वकील बसेल. धर्म, जात न विचारता येईल त्याचा अर्ज लिहून द्यावा. पालकांनी ऑफर लेटर, अनामतीची पावती व आलेले ई-मेल यांच्या प्रती सोबत आणाव्यात. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही संस्थेकडे ठेवून येऊ नयेत. ती अडवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच मनाई केली आहे.