आखाड्याचा उंबरा

वाराणसीबाहेर गंजारी येथे क्रिकेट स्टेडियमची पायाभरणी २३ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. खर्च सुमारे साडेचारशे कोटी रुपये, आसने तीस हजार, छत चंद्रकोरीचे आणि प्रकाशझोतांचे खांब त्रिशूळाच्या आकाराचे. काशीत कशातूनच शिव वगळता येत नाही, तेव्हा क्रिकेटमधूनही तो सुटला नाही याचे नवल नको. नवल आहे ते अशा प्रत्येक समारंभात न चुकता येणाऱ्या एका वाक्याचे: खेळ समाजाला जोडतो. हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की कोण, कुणाला आणि किती वेळ जोडले जाते हे विचारणेच राहून जाते. ते विचारायचे असेल तर गंजारीपेक्षा त्याच शहरातल्या दूधविनायकाची वस्ती अधिक उपयोगी आहे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट यांच्या पाठीमागच्या, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे अशा गल्ल्यांतून पसरलेल्या काशीच्या जुन्या मराठी वस्तीचा हा भाग. तीस हजार आसने सोडाच, इथे तीस खुर्च्या मांडायलाही जागा शोधावी लागेल. पण भारतीय व्यायामाच्या इतिहासातला एक मोठा प्रवास याच मराठी वस्तीतून पुढे गेला. खेळाचा समाजाशी संबंध प्रेक्षकांच्या संख्येवर ठरत नाही. आखाड्याचा उंबरा कुणाला ओलांडता येतो यावर ठरतो, हे त्या प्रवासातून दिसते.

तो प्रवास मल्लखांबाचा. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभाचा उल्लेख आहे, पण आज आपण जो मल्लखांब ओळखतो त्याची परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपर्यंत जाऊन थांबते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान त्यांनी कसे स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन कशी उपासना केली, मारुतीचा दृष्टांत कसा झाला, ही आख्यायिका प्रत्येक व्यायामशाळेत ऐकायला मिळते. १८१८ साली पेशवाई गेली आणि बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, राहायला गेले. सत्ता गेलेल्या दरबाराबरोबर शास्त्री, आश्रित, कारकून आणि पहिलवानही उत्तरेला गेले. काशीत मराठी वस्ती आधीपासूनच होती. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकातच इथे घाट आणि घरे उभी केली होती. बाळंभटदादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत मल्लखांब रुजवला असे परंपरा सांगते. बनारसच्या आखाड्यांच्या यादीत ‘कोनभट’ हे नाव येते, त्यात कोंडभट ओळखायला मराठी कानाला वेळ लागत नाही. राज्य नसलेल्या, घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या समाजाने पोथीइतकाच व्यायामही जपला. परमुलखात वस्ती टिकवायची तर पहाटे मुलांना एका जागी आणणारे काहीतरी लागते, हे त्यांना कळत असावे.

आखाडा नेमके काय करतो, यावर बनारसमध्येच दोन महत्त्वाचे अभ्यास झाले. नीता कुमार यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बनारसच्या कारागिरांच्या फुरसतीचा इतिहास लिहिला. त्यात विणकर आणि धातुकाम करणारे यांच्या जगण्यात गंगेपलीकडची ‘बहरी अलंग’ ही सहल, संगीत आणि आखाडा यांना काय स्थान होते हे दिसते. जोसेफ ऑल्टर यांनी १९९२ च्या पुस्तकात उत्तर भारतीय पहिलवानाचे शरीर हाच अभ्यासाचा विषय केला. त्यांचे एक निरीक्षण फार मोलाचे आहे. ज्या समाजात कुणी कुणाला शिवावे याचे नियम आहेत, तिथे आखाड्यात एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगाला लागतो, एक दुसऱ्याचे अंग रगडतो, सगळे एकाच मातीत लोळतात. जातीचा नियम भाषणाने मोडत नाही. रोज पहाटे पाच वाजता एखाद्याच्या मानेवर हात टाकावा लागला की तो सैल पडू लागतो. मल्लखांबात ही जवळीक वेगळ्या रीतीने येते. एरंडेल चोळलेला लाकडी खांब एकच असतो. अढी, तिढी, बगली, दसरंग, फिरकी हे प्रकार शिकताना आधीच्याच्या अंगाची ऊब त्या लाकडाला असते आणि पडणाऱ्याला झेलायला दुसरा उभा असतो. झेलणाऱ्यावर भरवसा ठेवल्याशिवाय कुणालाही सुईदोरा किंवा फरारा जमत नाही. स्टेडियममध्ये शेजारच्या आसनावरच्या अनोळखी माणसाला षटकार गेल्यावर मिठी मारली जाते हे खरे, पण ती मिठी त्या संध्याकाळपुरती असते. उद्या त्याच्या गल्लीत भाड्याने खोली मागितली तर आडनाव विचारले जातेच.

मात्र हा सैल पडणारा नियम उंबऱ्याच्या आतला आहे. उंबऱ्याबाहेर कोण राहिले याचा हिशोब मांडल्याशिवाय आखाड्याचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. काशीतल्या मराठी वस्तीचा मल्लखांब बराच काळ भटजींच्या मुलांचा होता. बनारसच्या कुस्तीत यादवांचा दबदबा आहे, आणि दलित मुलाला तिथली माती सहज मिळाली असे म्हणता येत नाही. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. मराठी मुलखातले सर्वांत बोलके उदाहरण क्रिकेटचे आहे. पुण्यात दलित समाजातल्या पळवणकर बाळूच्या डावखुऱ्या फिरकीशिवाय हिंदू संघाला युरोपियनांपुढे उभे राहणे कठीण होते. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हाती घेत, पण चहा त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते मिळाले त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली, आणि तेही भांडण, बहिष्कार आणि जाहीर चर्चा झाल्यावर. खेळ समाजाला जोडतो म्हणणाऱ्यांनी हे मातीचे भांडे विसरू नये. मैदानाने बाळूला आत घेतले होते. पॅव्हेलियनचा उंबरा मात्र माणसांना भांडून पाडावा लागला.

पाडला की काय होते, याचे उत्तर मल्लखांबाच्या पुढच्या दोनशे वर्षांनी दिले आहे. भटांच्या वस्तीतच राहिला असता तर तो आज वेदपाठशाळेतल्या एखाद्या लोप पावत चाललेल्या शाखेसारखा झाला असता: आदरणीय आणि चार माणसांपुरता. पण तो उज्जैनला गेला आणि माळव्यातल्या साध्या घरांतल्या मुलांचा झाला. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवले. दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ पासून चालणाऱ्या समर्थ व्यायाम मंदिरात मुलींसाठी आणि अंध मुलांसाठी खांब आणि दोरी खुली झाली. तिथले उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१९ मध्ये त्याच मैदानावर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. मला या सगळ्यापेक्षा छत्तीसगडमधले नारायणपूर महत्त्वाचे वाटते. अबूझमाडच्या जंगलपट्टीतल्या आदिवासी मुलांना एका पोलीस जवानाने मल्लखांब शिकवायला घेतला, आणि २०२३ मध्ये त्याच मुलांनी दूरचित्रवाणीवरची देशव्यापी प्रतिभास्पर्धा जिंकली. बाळंभटदादांच्या दृष्टांताची कथाही त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. खांब मात्र तोच आहे. ज्यांच्यासाठी तो पुरलेला नव्हता त्यांच्या हाती गेल्यामुळे तो जिवंत राहिला.

बनारसमध्येही उंबरा हलला आहे. तुळशीघाटावरच्या स्वामीनाथ आखाड्याची परंपरा तुलसीदासांपर्यंत नेली जाते. तिथे २०१७ मध्ये मुली मातीत उतरल्या. इतकी शतके ज्या मातीला स्त्रीचा पाय लागू नये म्हणून जपले, ती माती त्यामुळे काही बाटली नाही. नागपंचमीची गर्दी मात्र वाढली. दुसरीकडे कोल्हापूर पाहा. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभे केले, तालमींना आश्रय दिला. कुस्तीचा जोर ओसरत गेला तेव्हा पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींनी फुटबॉल उचलला. संघाच्या नावात आजही ‘तालीम मंडळ’ असते. पेठेतल्या पोराला आपली तालीम हवी होती, खेळ कोणता हा दुय्यम मुद्दा होता. खेळ बदलून तालीम टिकवण्याचे हे शहाणपण बनारसच्या अनेक आखाड्यांना सुचले नाही, आणि त्यांच्या जागा जिमच्या काचांनी घेतल्या. जिममध्ये आरसा असतो. झेलायला कुणी नसते.

याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की आखाडा आणि तालीम ही गल्लीच्या गुंडगिरीची शाळाही राहिली आहे. पहिलवानाचा खांदा निवडणुकीत आणि दंगलीत वापरला गेला आहे. कोल्हापूरच्या फुटबॉललाही समर्थकांच्या मारामाऱ्यांचे गालबोट लागते. हे मान्य करावेच लागते. पण वापरले जाते ते बंद गटाचे बळ. एका जातीचा, एका पेठेचा, फक्त तरुण पुरुषांचा जमाव कुणालाही हाताशी धरता येतो. त्याच आखाड्यात सहा वर्षांच्या मुली, त्यांच्या आया आणि पलीकडच्या मोहल्ल्यातली पोरे रोज येऊ लागली की तो जमाव राहत नाही. दुसरा आक्षेप परंपरेच्या शुद्धतेचा: सर्वांना उघडले की गुरुशिष्यपरंपरा पातळ होते. उत्तर नारायणपूरने दिले आहे. तिसरा सर्वांत व्यवहारी: स्टेडियमने रोजगार येतो, शहराचे नाव होते, मुलांना स्वप्न मिळते. हेही बरेचसे खरे आहे, आणि गंजारी नको असे माझे म्हणणे नाही. सिगराचे संपूर्णानंद क्रीडा संकुल नव्याने उभे राहिले हे चांगलेच झाले. पण स्वप्न पाहिलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी चालत जाता येईल अशी जागा हवी. ती दहा-वीस किलोमीटरवर असली तर ज्याच्या बापाकडे मोटारसायकल आहे त्याचेच स्वप्न पुढे सरकते, आणि मुलीचे तर रिक्षाच्या पहिल्या भाड्यालाच थांबते.

म्हणून हिशोब मांडून पाहावा. साडेचारशे कोटींचा हजारावा भाग पंचेचाळीस लाख होतो. महिना पंधरा हजारांच्या मानधनावर त्यात वर्षभर पंचवीस वस्ताद नेमता येतात. मल्लखांबाला लागते ते इतकेच: सागाचा किंवा शिसवीचा खांब, मुलींनी मागितली तर दोरीही, एरंडेल, खाली मऊ माती किंवा गादी, वर फाटके का असेना पण छप्पर, आणि रोज येणारा माणूस. खांब आणि माती जुन्या काशीत अजून सापडतील. रोज येणारा माणूस मिळत नाही, कारण त्याला कुणी पगार देत नाही. नागपंचमीला मात्र हार घालायला सगळे येतात. या पंचवीसांतली एक जागा दूधविनायकाला मिळाली, तर नेमणुकीच्या कागदावर दोनच अटी असाव्यात. नावनोंदणीच्या वहीत आडनावाचा रकाना नसावा. आणि मुलींची वेळ मुलांचे आटोपल्यावर उरलेली, दुपारच्या उन्हातली नसावी; सकाळी सहाची असावी.