हिमालयाच्या वाटेवरचा जमाखर्च

भिशीचे पैसे यंदा सोन्यात न घालता एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे बेस कँपपर्यंत, चालत जाऊन यायचं, असा बेत करणाऱ्या मैत्रिणी आता काही विरळा राहिलेल्या नाहीत. मुलं मार्गी लागली, गुडघे अजून शाबूत आहेत, मग आत्ता नाही तर कधी? बेत उत्तमच आहे. मात्र त्याचं अंदाजपत्रक लग्नकार्यासारखं मांडू नका. लग्नात खर्च वाढायला लागला की आपण एखादं पक्वान्न कमी करतो. इथे काटकसर करायला बसलं की पहिली कात्री लागते ती विश्रांतीच्या दिवसांना, आणि नेमकं तेच कलम असं आहे की ज्याला हात लावायचा नाही.

म्हणून वहीत आधी पैसे नव्हे, दिवस मांडा. चालणं सुरू होतं लुक्ल्याहून. लुक्ला २,८६० मीटरवर. पहिल्या दिवशी थोडं उतरून फाकडिंग. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३,४४० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे नामचेचा बाजारच त्याच्या दुपटीहून उंच! नामचेत दोन रात्री काढायच्या. पुढे तेंगबोचे ३,८६०, मग डिंगबोचे ४,४१०, तिथेही दोन रात्री. त्यानंतर लोबुचे ४,९४० आणि गोरकशेप ५,१६४. गोरकशेपला सामान ठेवून बेस कँपला (५,३६४ मीटर) जायचं आणि मुक्कामाला परत गोरकशेपलाच यायचं. उतरायला तीन दिवस पुरतात. बाराव्या दिवशी लुक्ल्याहून विमान.

नामचे आणि डिंगबोचेची ती जादा रात्र कशासाठी, तर हवा विरळ झाल्यावर शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. बेस कँपला प्राणवायू समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच मिळतो. डॉक्टरांचा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज सुमारे ५०० मीटरहून जास्त उंच घेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. थांबायचं म्हणजे पांघरूण घेऊन पडायचं नाही बरं का. दिवसा थोडं वर चढून यायचं आणि रात्री खाली झोपायचं. डोकेदुखी, मळमळ, अन्न नकोसं होणं अशी लक्षणं दिसली तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना झोक जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र आहे, पैसे भरलेत, असं काही न बघता ताबडतोब खाली उतरायचं. यात वयाचा किंवा तब्येतीच्या दणकटपणाचा संबंध नाही. रोज योगासनं करणारीलाही त्रास होतो आणि तिच्या स्थूल नणंदेला होत नाही, असं खुशाल घडतं.

आता पैसे. रुपयांचा हिशेब सोपा आहे: आपले १०० म्हणजे नेपाळी १६०. खोलीचं भाडं कमी असतं, पण जिथे उतरलो तिथेच जेवायचं ही तिथली रीत. जसजसं वर जाल तसतसं जेवण महाग होतं, कारण प्रत्येक बटाटा माणसाच्या नाहीतर याकच्या पाठीवरून आलेला असतो. गरम पाणी, मोबाइल चार्ज करणं, अंघोळ, सगळ्याचे वेगळे पैसे. चालू भाव नुकत्याच जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारा. उदाहरणादाखल माणशी दिवसाला नेपाळी ४,००० धरू. ही रक्कम बाराने नाही, चौदाने गुणायची. झाले ५६,०००, म्हणजे आपले ३५,०००. ते दोन दिवस कुठले? लुक्ल्याचं विमान ढग आले की उडत नाही, कधी कधी दोन-दोन दिवस उडत नाही. शिवाय वसंतात आणि शरदात, म्हणजे नेमक्या हंगामात, बरीच विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात. तिथवर चार-पाच तासांचा रस्ता, तोही भल्या पहाटे. तेव्हा परतीचं मुंबईचं तिकीट लुक्ल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी.

आणि डिंगबोचेची ती दुसरी रात्र गाळून वाचतात किती? वरच्याच हिशेबाने माणशी अडीच हजार. साडीच्या दुकानात आपण याहून जास्त सोडून येतो.

हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली, तर त्याचं बिल मात्र साऱ्या सहलीचा हिशेब उलटापालटा करतं. म्हणून विमा हवाच. साध्या प्रवासविम्यात एवढ्या उंचीवरचं चालणं पुष्कळदा धरलेलं नसतं. बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. किती मीटरपर्यंत विमा लागू आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च देतात का, हे लेखी घ्या.

नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क आपल्याला सार्क देशांच्या सवलतीने नेपाळी १,५००, वर कर. शिवाय गावपालिकेचं वेगळं शुल्क भरावं लागतं. या गावपालिकेला पासांग ल्हामू शेर्पाचं नाव आहे. १९९३ साली एव्हरेस्टवर पोचलेली ती पहिली नेपाळी स्त्री. उतरताना ती गेली.

दोघींत एक पोर्टर ठरवा. लुक्ल्याच्या विमानात हातातल्या पिशवीसकट साधारण पंधरा किलोच चालतात, तेव्हा सामान आपोआप बेताचंच राहतं. मजुरी ठरवताना त्याचं जेवण, राहणं, विमा आणि गरम कपडे त्यात आहेत का, हे स्पष्ट विचारा. घासाघीस भाजीवालीशी करतो तशी इथे करू नये, असं माझं मत आहे. त्याच्या बक्षिसाची रक्कम घरूनच वेगळ्या पाकिटात घाला. नामचेत पैसे काढायचं यंत्र आहे, पण त्याच्या वर गेल्यावर हातातल्या रोख रकमेचाच भरवसा.

खरेदीत बूट तेवढे नवे घ्या, तेही दोन महिने आधी, आणि जिन्यावर, बाजारात घालून रुळवा. जाड जॅकेट आणि झोपायची पिशवी काठमांडूच्या थामेल भागात भाड्याने मिळते. एकदाच वापरायच्या वस्तूसाठी कपाटात जागा कशाला अडवायची? खाऊत राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की आणि मेतकूट न्या. वर भूक मरते, तेव्हा गरम भातावरचं मेतकूट दोन घास जास्त पोटात घालतं. डाळभात मागितला की बहुधा पुन्हा वाढतात. मांसाहार मात्र टाळा. वरच्या भागात जनावर मारत नाहीत, मांस खालून दिवसदिवस वाहून आलेलं असतं.

आता जरा आपल्यातलं. रात्री थंडीत बाहेरच्या शौचकूपात जायला नको म्हणून बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग सकाळी डोकं ठणकतं, आणि ते पाणी कमी पडल्याने की उंचीने, हेच कळत नाही. दिवसभरात तीन-चार लिटर पाणी पोटात जायलाच हवं, त्यातलं बरंचसं दुपारपर्यंत संपवा. उशाशी बॅटरी ठेवा, एकमेकींना उठवा, लाजू नका. पाळी तिथे पुढेमागे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी पॅड न्या आणि वापरलेले पिशवीत बांधून परत आणा. पाळी लांबवायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. जायच्या दोन महिने आधी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दलही तेव्हाच डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

तयारीसाठी पाठीवर पिशवी घेऊन जिने चढा, महिन्यातून एकदा गड चढा. पाय तयार होतील. विरळ हवेची सवय मात्र सह्याद्रीत होत नाही, ती तिथेच, त्या थांबण्याच्या दिवसांत.

घरी परतीची तारीख सांगताना ते दोन शिलकी दिवस धरूनच सांगा. दूधवाल्याला, शाळेच्या रिक्षावाल्याला, सासूबाईंच्या औषधांच्या दुकानदारालाही तीच तारीख द्या. लवकर आलात तर कुणाची तक्रार नसते. उशीर झाला, की घरचे फोन करू लागतात आणि तुम्ही ढग बघायचं सोडून घड्याळ बघू लागता.