‘मॅट’ अजून शिकवलं नाही!

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी हा माझा ‘एक विषय’ होता, त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतील तर श्रेय संपादक मंडळाचं. (‘फूल’ दीर्घ पण ‘फुलाला’ ऱ्हस्व, हे मला विसाव्या वर्षी कळलं.) आणि लिहायला बसलेय स्पेलिंगवर! असो.

आपल्या लेडीज होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींची लेक तिसरीत आहे, जवळच्याच एका मराठी शाळेत. संध्याकाळी ती कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करत बसते. मागच्या पीएलमध्ये मी चहा घेत होते आणि हिचं मोठ्याने चाललं होतं, “सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. डी ओ जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा.” एक चूक नाही. मी तिच्या वहीत ‘कॅट’मधला सी खोडून तिथे एम लिहिला आणि विचारलं, हे काय झालं? ती बघत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “ताई, हे अजून शिकवलं नाही.”

मी ‘ट्रान्सफॉर्मर’ असं देवनागरीत लिहून दिलं. हा शब्द तिने जन्मात ऐकलेला नव्हता. तरी अडखळत का होईना, वाचला.

म्हणजे पोरगी हुशार आहे. मग घोळ कुठे आहे? देवनागरीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. ‘क’ला क म्हणतात आणि तो क असाच वाजतो. बाराखडी शिकलेलं मूल हाच विश्वास घेऊन इंग्रजीकडे जातं आणि तिथे फसतं. ‘सी’ नावात स आहे पण कॅटमध्ये तो क होतो. ‘एच’च्या नावात ह नाही. ‘वाय’च्या नावात पहिला व, आणि आवाज य! अशा नावांची माळ करून कॅट कसा होणार? होत नाही, म्हणून मूल प्रत्येक शब्द फोन नंबरसारखा पाठ करतं.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पंचवीस वर्षं होऊन गेली. पहिलीपासून द्यावं की पाचवीपासून, यावर आपण भरपूर भांडलो. कसं द्यावं, यावर भांडताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

उपाय काही गुपित नाही. आधी अक्षराचा आवाज शिकवायचा, मग आवाज जोडायचे, मग एका साच्यातले शब्द एकत्र द्यायचे: कॅट, बॅट, मॅट, रॅट. याला फोनिक्स म्हणतात. इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालानंतर शाळांनी सरसकट हीच वाट धरली. आपल्याकडे मीरा रोडला स्टेशनबाहेर फोनिक्स क्लासची पत्रकं हातात पडतात, फी विचारायची हिंमत मावशींना होणार नाही अशी. जणू काही परदेशी माल आहे! पण वेस्टर्न लाइननेच पुढे घोलवडला उतरलं की बोर्डी. तिथे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते माँटेसोरीबाईंच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन. खरखरीत कागदाच्या अक्षरावर बोट फिरवत मुलाने अक्षराचं नाव नाही, आवाज म्हणायचा, ही माँटेसोरीचीच पद्धत. म्हणजे या विचाराला आपल्या भागात क्लासची फी नवीन आहे, विचार नाही.

तर मी शिकवायला लागले आणि पहिल्याच दिवशी आपटले. मी म्हटलं, “बऽ, ॲ, टऽ.” तिने प्रामाणिकपणे जोडलं, “बॲटऽ.” तीन-चार वेळा तेच. मी वैतागले. शेवटी तीच म्हणाली, “ताई, ब चा पाय मोडू का?” आणि म्हणाली, “ब्, ॲ, ट्. बॅट!” मी थक्क. कॉन्व्हेंटमध्ये मला कुणी पाय मोडायला शिकवलं नव्हतं. व्यंजनात लपलेला अ काढून टाकायचा, ही यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. ती तिला मराठीने आधीच दिलेली होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मग गाडी सुटली. ‘कॅप’च्या शेवटी ई लावला की ‘केप’, ‘किट’ला लावला की ‘काइट’. ई स्वतः गप्प बसतो आणि मागच्याला नाव घ्यायला लावतो. (आपल्या वर्गातही असे लोक आहेत!) ‘बॅक’, ‘डक’, ‘सॉक’मध्ये सी-के जोडीने, कारण आधीचा स्वर ऱ्हस्व. ‘सेड’, ‘वॉज’, ‘वन’ हे मात्र सरळ पाठ करायचे, तिथे साचा शोधू नये.

माझी रूममेट हे सगळं बेडवरून ऐकत होती. ती मराठी माध्यमाची. मॅथ्समध्ये मला कधीच हरवते, पण व्हायव्हात तोंड उघडत नाही. तिने एके रात्री विचारलं, “शनचं पण असं काही असतं का?” बसलो दोघी. टी-आय-ओ-एन म्हणजे शन: इक्वेशन, फंक्शन, इंटिग्रेशन. पी-एच म्हणजे फ: फेज, ग्राफ, फोटॉन. ती म्हणाली, “मी एफईला हे एकेक पाठ केलं होतं गं.” हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही. तिच्या किती रात्री त्यात गेल्या असतील? आणि आपण कॉन्व्हेंटवाले तिच्या उच्चारांना हसलो, मी धरून.

काही जण म्हणतील, इंग्रजीचे एवढे लाड कशाला? २०२५ च्या जुलैत याच मीरा रोडला मराठीसाठी मोठा मोर्चा निघाला, त्याच्या थोडंच आधी, २९ जूनला, पहिलीपासून हिंदीचे आदेश सरकारने मागे घेतले होते. भाषेचा प्रश्न इथे किती पेटतो ते आपण बघितलंय. पण मला मराठीच्या जागी इंग्रजी नकोय. उलट, ज्या मुलीची बाराखडी पक्की तिलाच इंग्रजीचे आवाज लवकर सापडले. मराठीतही साचे आहेत की! साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे चार, हे मला कुणी शब्दांच्या जोड्या लावून शिकवले असते तर संपादकांची लाल शाई वाचली असती.

आमच्या मजल्यावरच्या चौघी आता आळीपाळीने संध्याकाळी अर्धा तास मेसमध्ये बसतो. बॉइज होस्टेलचं काय? वॉचमनकाकांची दोन मुलं पहिलीत आहेत. वॉर्डन सरांनी टीव्ही रूमचा फळा दिला तर बरं, सध्या आम्ही थाळीवर पीठ पसरून लिहितो.

परवा तिला घेऊन स्टेशनला गेले होते. ओ-ए मिळून ओ, हे नुकतंच झालं होतं, त्यामुळे पाटीवरचा ‘रोड’ तिने लगेच वाचला. मग इंडिकेटरवर भाईंदर. ती थांबली. “ब्... ह्... भ!” बी-एच कुणी शिकवलं नव्हतं. पुढे मात्र अडली. “ताई, आपण भाईंदर म्हणतो, मग मध्ये वाय कशाला?”

लोकल आली म्हणून वाचले.