अदृश्य माणसाचे डोळे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची नात बडोद्यास आली असता एके दुपारी घरी ‘मिस्टर इंडिया’ हा शेखर कपूर दिग्दर्शित चित्रपट पाहावयाचा योग आला. मनगटावरील यंत्र चालू होताच नायक अदृश्य होतो. मात्र तांबड्या प्रकाशात तो दिसू लागतो. नातीने विचारले, “आजोबा, तांबड्याच प्रकाशात का?”

हा प्रश्न आम्ही पूर्वी एकदा ऐकला होता. १९८७ साली हा चित्रपट आला, तेव्हा आम्ही शाळेत विज्ञान शिकवीत होतो. प्रकाशाच्या धड्यावेळी एका विद्यार्थ्याने नेमके हेच विचारले. “सिनेमाची थेरं घरी ठेवून यायचं,” असे दरडावून आम्ही त्यास खाली बसविले. वर्ग हसला. पुढे वर्षभरात त्या मुलाने पुन्हा हात वर केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

या खेपेस आम्ही औषधांच्या दुकानातून ग्लिसरीन आणले. बोरोसिलिकेट काचेची एक कांडी जुन्या सामानात होतीच. पाण्यात ती स्पष्ट दिसे. ग्लिसरीनमध्ये बुडविताच तिचा बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा झाला. कारण ही काच आणि ग्लिसरीन या दोहोंचा अपवर्तनांक जवळपास सारखाच, सुमारे १.४७ आहे. त्यांच्या सीमेवर प्रकाश वळत नाही, परततही नाही; मग कांडी दिसावी कशी? नायकाचे शरीर असेच हवेसारखे झाले असेल, तर तांबडा प्रकाशही त्यातून आरपार जाईल. आणि तांबडा प्रकाश त्याच्यावरून परतत असेल, तर सूर्यप्रकाशातही तांबडा रंग असतोच. मग तो दिवसाउजेडीही दिसावयास हवा!

नात बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “पण आजोबा, त्याचे डोळेसुद्धा हवेसारखे झाले, तर त्याला स्वतःला दिसेल कसं?”

खरेच आहे. दृष्टिपटलात प्रकाश शोषला गेला, तरच आपणांस दिसते. तो आरपार निघून गेला, तर अदृश्य माणूस आंधळाच ठरणार. हे तिला आम्ही शिकविले नव्हते.

चित्रपटाने वर्ग रमवावा, असे आमचे म्हणणे नाही. नुसती करमणूक तास संपताच विरून जाते. परंतु मुलांच्या मनात आधीच घर करून बसलेला एखादा प्रसंग शिक्षकांनी घ्यावा, त्यावर पाच मिनिटे बोलावे आणि उरलेला वेळ प्रयोगास द्यावा. चित्रपट कोठे चुकला, हे मुलांनाच शोधू द्यावे. पडद्यावरची चूक हुडकून काढण्यात त्यांना जो आनंद वाटतो, त्याच्या ओघात अपवर्तनाचा नियम सहज पचतो.

त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर आमच्याकडून राहिले, ते राहिलेच. वाचकांपैकी जे आज वर्गावर उभे राहतात, त्यांच्याकडून तसे न घडो.